चंद्र तिकडे कुठे उगवतो?



या सदरातून आजवर मी सह्याद्रीच्या कड्यांची, वळवाच्या ढगांची, पहाटेच्या धुक्याची छायाचित्रे कशी टिपावीत याविषयी लिहीत आलो. चंद्राविषयी लिहिण्याचे मात्र टाळले. त्याचे कारण माझेच एक छायाचित्र आहे. आमच्या गावच्या बस्तीच्या जीर्णोद्धारानिमित्त तीन वर्षांपूर्वी जी स्मरणिका निघाली, तिच्या मुखपृष्ठावर ते छापले होते. शुभ्र शिखर, त्यावर सोनेरी कळस आणि मागे शिखराएवढाच रुंद पौर्णिमेचा चंद्र. ते पुढे दिनदर्शिकेवर आले, मोठे करून सभागृहात लावले गेले आणि या मासिकाच्या काही वाचकांच्या घरीही ते असेल. ते छायाचित्र खोटे आहे.

ते कसे झाले तेही सांगतो. शिखराचे छायाचित्र मी एका संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभा राहून काढले होते. चंद्र कोजागरीच्या रात्री घराच्या गच्चीवरून टिपला होता. नातू सुट्टीला आला होता. त्याने संगणकावर दहा मिनिटांत चंद्र कापला, मोठा केला आणि शिखरामागे बसवला. बोटे त्याची होती, इच्छा माझी. स्मरणिकेच्या संपादकांनी ‘किती वाट पाहिली असेल अण्णांनी!’ असे म्हटले, तेव्हा मी नुसता हसलो. नंतर विचार करताना वाटले, खोटेपणा चित्र जोडण्यात जितका होता, त्याहून अधिक त्या हसण्यात होता.

स्मरणिका प्रकाशित झाल्यावर आठ दिवसांनी बस्तीचे उपाध्ये मला मानस्तंभाजवळ भेटले. त्यांचे शिक्षण बेताचे. पण पहाटेच्या अभिषेकापासून सायंकाळच्या आरतीपर्यंत त्यांचे आयुष्य त्याच आवारात गेलेले. म्हणाले, “अण्णा, फोटो लई झकास आलाय. पण चांद तिकडं कुठं उगवतोय हो? तिकडं उत्तर हाय की.”

त्यांच्या बोलण्यात टीका नव्हती, शंका होती. आपल्याला न दिसलेले काही अण्णांना दिसले असेल, अशी. मी काहीतरी उत्तर देऊन निघून आलो.

त्या रात्री, शाखेच्या तपासणीला आलेले अधिकारी जसे एकेक व्हाउचर पुढे ओढतात, तसे मी ते चित्र पुढे ओढले. पहिली चूक दिशेची. बस्ती पूर्वाभिमुख. मी दक्षिणेकडच्या रस्त्यावरून उत्तरेकडे तोंड करून छायाचित्र काढलेले. आपल्या अक्षांशावर उत्तरेच्या आकाशात इतक्या खाली चंद्र कधीही येत नाही. दुसरी चूक कलेची. शिखराची डावी, म्हणजे पश्चिमेची बाजू उन्हाने उजळलेली होती. सूर्य पश्चिमेला असेल तर पूर्ण चंद्र त्याच्या समोर, पूर्वेलाच हवा. तिसरी चूक आकाराची, आणि ती सर्वांत ढोबळ. चंद्राचा व्यास सुमारे ३,४७५ किलोमीटर आणि त्याचे सरासरी अंतर सुमारे ३,८४,४०० किलोमीटर. म्हणजे अंतर व्यासाच्या साधारण ११० पट. मी शिखरापासून १०० फुटांवर उभा होतो. त्या अंतरावर चंद्र झाकायला जेमतेम ११ इंचांची थाळी पुरते. माझ्या चित्रात तो २० फुटी शिखराच्या रुंदीचा होता. बँकेत असे व्हाउचर माझ्या टेबलावर आले असते, तर ते आणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवले असते.

आमच्याकडे सकाळच्या स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्र चालते. सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ आणि ‘न्यासापहार’ असे दोन आहेत. खोटा लेख तयार करणे आणि दुसऱ्याची ठेव बुडवणे. नोकरीत असताना मी सहकाऱ्यांना गमतीने म्हणत असे, की आचार्य उमास्वामींना बँकेचा कारभार ठाऊक असावा. पाचांतील दोन दोष आमच्याच खात्यातले! सदतीस वर्षे या दोन्ही बाबतींत मी हात स्वच्छ ठेवले याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण छायाचित्र हाही एक लेखच असतो. ‘हे असे होते, मी तेथे होतो’ एवढेच त्यात लिहिलेले असते, आणि पाहणारा त्याच विश्वासावर ते स्वीकारतो.

प्रत्येक बदल खोटा असतो, असे मात्र मी मानत नाही. या संदर्भात अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांच्या एका जगप्रसिद्ध छायाचित्राची हकीकत मोठी बोधक आहे. न्यू मेक्सिको राज्यातील हर्नांडेझ नावाच्या खेड्याजवळून ते एका संध्याकाळी मोटारीने चालले होते. दूर बर्फाचे डोंगर, वर चंद्र, आणि खाली दफनभूमीतील पांढरे क्रूस मावळत्या उन्हात चमकत होते. घाईघाईने भलामोठा कॅमेरा उभा केला, तर प्रकाशमापक सापडेना. चंद्राच्या पृष्ठभागाची दीप्ती त्यांना पाठ होती. दर चौरस फुटाला २५० कँडल. त्यावरून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि एक छायाचित्र घेतले. दुसरे घेण्याची तयारी होईपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले होते. पुढे अनेक वर्षे ते त्या एकाच निगेटिव्हचे ठसे काढत राहिले आणि वर्षागणिक आकाश अधिकाधिक काळे करत गेले. म्हणजे प्रकाशछटांत त्यांनी पुष्कळ फेरफार केला. परंतु तारीख लिहून ठेवण्याची शिस्त त्यांना नव्हती. तारखेवाचून नोंद ही आम्हा बँकवाल्यांना न सोसणारी गोष्ट! ते स्वतः कधी १९४०, कधी १९४१, कधी १९४२ तर कधी १९४४ असे वर्ष सांगत.

पुढे खगोल-अभ्यासकांनी त्या छायाचित्रातील चंद्राची जागा आणि उंची मोजून तारीख शोधून काढली. डेव्हिड एल्मोर यांनी प्रथम ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. नंतर डेनिस डी सिको यांनी त्या स्थळी जाऊन, ॲडम्स नेमके कोठे उभे होते हे पडताळून ती एका दिवसाने दुरुस्त केली: १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटे. ही तारीख निघू शकली, कारण ॲडम्स यांनी आकाश काळे केले तरी चंद्र होता तेथेच ठेवला होता. माझ्या चित्रावरून कोणी तारीख काढायला बसला असता, तर जगाच्या आरंभापासून आजपर्यंतच्या एकाही पंचांगात ती त्याला सापडली नसती.

तेव्हा ठरवले, तेच शिखर, तोच चंद्र, पण खरा.

शिखराएवढा चंद्र हवा असेल, तर चंद्र मोठा करता येत नाही. आपणच मागे जायचे. मागे जाऊ तसे शिखर लहान होत जाते, चंद्र मात्र तेवढाच राहतो. वीस फुटांच्या शिखराला ११० ने गुणले की २,२०० फूट येतात. इतक्या दुरून शिखर पकडायचे तर लांब पल्ल्याची लेन्स हवी. माझ्याकडे ३०० मिलिमीटरची आहे; तिच्यातून सेन्सरवर उमटणारा चंद्र पावणेतीन मिलिमीटरचा, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान असतो. क्षितिजावरचा चंद्र आपल्याला थोरला दिसतो, तो केवळ मनाचा भास. करंगळी हात लांब करून त्याच्यासमोर धरा आणि मध्यरात्री पुन्हा धरा, फरक पडत नाही. उलट उगवता चंद्र डोक्यावरच्या चंद्राहून काही हजार किलोमीटर दूर असल्याने किंचित लहानच असतो.

सुदैवाने बस्तीच्या पश्चिमेला बरोबर तेवढ्याच अंतरावरून एक कालवा दक्षिणोत्तर जातो. त्याच्या भरावावर उभे राहिले की पूर्वेला शिखर दिसते. दिसते म्हणजे, ऊस तुटल्यावर दिसते. पावसाळ्यापासून पुढे पौषापर्यंत मध्ये दहा-बारा फुटांचा ऊस उभा असतो. म्हणून वर्षातले तीन-चार महिनेच हाती राहतात.

आता तिथीचा विचार. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो; तो शिखरामागे येईपर्यंत जमिनीवर अंधारू लागते. चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला दगड आहे, तोही डांबरी रस्त्याइतका काळपट. तरी अंधाऱ्या आकाशात तो इतका तेजस्वी दिसतो, की त्याच्यावरचे डाग नीट टिपायचे तर आयएसओ १०० ठेवून लेन्सचे छिद्र एफ-११ आणि शटर सेकंदाच्या शतांशाएवढे पुरते. तेवढ्या क्षणात अंधारातले शिखर काळे ठिक्कर येते. शिखरासाठी शटर उघडे ठेवावे, तर चंद्राच्या जागी पांढरा ठिपका. दोघेही एकाच क्षणात खरे दिसावेत यासाठी जमिनीवर ऊन शिल्लक असायला हवे. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो सूर्यास्ताच्या पाऊणएक तास आधी वर येतो. तो दिवस चतुर्दशीचा. आणि चंद्रावरचे खड्डे-डोंगर पाहायचे असतील, तर पौर्णिमेला ते सपाट दिसतात. शुद्ध अष्टमीला अर्ध्या चंद्राच्या कडेला त्यांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हा त्यांची खोली कळते.

अष्टमी आणि चतुर्दशी! आपल्या पर्वतिथी छायाचित्रकारांच्या सोयीसाठी सांगितलेल्या नाहीत, हे मी जाणतो. पण त्याने आमच्या घरातला एक जुना तंटा मिटला. सूर्यास्तापूर्वी भोजन हा आमच्या घरचा नियम. त्यामुळे इतर छायाचित्रकार ज्या सोनेरी वेळेसाठी डोंगरावर धाव घेतात, त्या वेळी मी आजवर ताटावर बसलेला असे. चतुर्दशीला सौभाग्यवतींचा उपवास आणि माझे एकाशन. संध्याकाळी स्वयंपाकघर शांत. “जा आता, बघा तुमचा चंद्र,” असे त्या पहिल्यांदाच म्हणाल्या.

पौष शुद्ध चतुर्दशीला पहिल्यांदा गेलो. थंडीतला हा चंद्र पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, म्हणून मला भरावाच्या दक्षिण टोकाला उभे राहावे लागले. जागा बरोबर होती, वेळ बरोबर होती. चंद्र मात्र आलाच नाही. ऊस तुटलेल्या फडांत कोणी पाचट पेटवले होते आणि पूर्वेला धुराची भिंत उभी होती. तिच्यातून चंद्र वर निघाला तेव्हा तो शिखराच्या कितीतरी वर होता. छायाचित्र हुकल्याचे वाईट वाटले. पण थोड्या वेळाने दुसरेच काही मनात येऊ लागले. पाचटाच्या त्या थराखाली गांडुळे, सरडे, उंदीर, सापांची पिल्ले, असंख्य किडे-मुंग्या असतात. आपल्या समाजातले अनेक बंधू ऊस पिकवतात. रात्री पाणी गाळून पिणाऱ्या घरानेच दिवसा फड पेटवावा, ही विसंगती मला बोचते. पाचट शेतातच कुजवले तर जमिनीला खत मिळते, ओल टिकते. अनेक जण आता तसे करतातही. असो.

माघ चतुर्दशीला हवा बरी होती, तर माझेच गणित चुकले. चंद्रोदयाची दिशा मी मोबाइलवर पाहिली होती आणि त्या रेषेत कळस धरून उभा राहिलो. परंतु चंद्र सरळ वर चढत नाही. आपल्याकडे तो उजवीकडे कलत चढतो. साठ फुटी कळसाच्या उंचीवर येईपर्यंत तो बरोबर एक चंद्रभर उजवीकडे सरकला आणि शिखराला सोडून मोकळ्या आकाशात उभा राहिला. हिशेब सोपा होता: मी २० फूट डावीकडे जायला हवे. ट्रायपॉड उचलला, भरावावरून चालत गेलो, पाय रोवले, स्क्रू आवळला, वर पाहिले. चंद्राला आपल्या व्यासाएवढे अंतर कापायला दोनच मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे संपली होती. साठी उलटल्यावर वीस फूट हे अंतर वाटते तितके कमी नसते.

भरावावर बसून राहिलो. उन्हाचा शेवटचा पट्टा शिखरावरून सरकत वर गेला, कळसावर क्षणभर थांबला आणि विझला. त्या घाईत आजवर हे मी कधी पाहिलेच नव्हते. ॲडम्स यांच्या क्रूसांवरचे ऊन असेच गेले असेल. टिटव्या ओरडत होत्या. मोबाइलमधल्या विजेरीने पायाखालचे पाहत, किडा-मुंगी टाळत घरी आलो.

तिसरी वेळ फाल्गुन शुद्ध चतुर्दशीची, अष्टाह्निकेचा सातवा दिवस. एका महिन्यात चंद्रोदयाची जागा नऊ-दहा अंशांनी दक्षिणेकडे, म्हणजे ठेठ पूर्वेच्या जवळ सरकली होती. तेव्हा मला भरावावरून जवळजवळ चारशे फूट उत्तरेला जावे लागले. या वेळी उजवीकडचा कल आधीच हिशेबात धरला होता. आदल्या दिवशी वळवाचा शिडकावा होऊन हवा धुतलेली. बस्तीत विधान चालू होते. ध्वनिक्षेपकावरून अर्घ्याचे स्वर रानापर्यंत ऐकू येत होते. पाठीमागे सूर्य, समोर त्याच्या उन्हात शिखर. मग शिखराच्या डाव्या कडेला ताकाच्या रंगाची एक पुसट कड दिसली. आधी मला तो ढगच वाटला. ती कड गोल होत गेली, शिखरामागे शिरली, आणि कळस चंद्राच्या मधोमध आला. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो, चंद्र मंद दिसतो. म्हणून त्या एफ-११च्या हिशेबापेक्षा थोडा अधिक प्रकाश दिला. सायंकाळी ६ वाजून ९ मिनिटे. अकरा छायाचित्रे घेतली. त्यांतले एक ठेवले, बाकीची दहा पुसून टाकली. संग्रहाचा मोह मला पुष्कळ आहे. त्या दिवशी तो झाला नाही.

खरे सांगायचे, तर हे छायाचित्र पहिल्याइतके देखणे नाही. चंद्र फिकट आहे, आकाश गढूळ निळे आहे, आणि खालच्या कोपऱ्यात विजेची तार आडवी गेली आहे. नातू म्हणाला, “आजोबा, तार काढून देऊ?” मी नको म्हटले. तार काढणे हे चंद्र हलवण्याइतके मोठे पाप नाही, हे मला समजते. पण नुकताच मद्य सोडलेल्या माणसाने ताडीच्या दुकानासमोरूनही जाऊ नये.

ते छायाचित्र आणि सगळी हकीकत लिहिलेले पत्र मी बस्तीच्या विश्वस्तांना दिले. सभागृहातील चौकट बदलावी, अशी विनंती केली. “राहू द्या हो अण्णा, लोकांना आवडलाय तो,” असे उत्तर मिळाले. मी दोनदा आग्रह धरला, तिसऱ्यांदा धरला नाही. जुनी चौकट अजून तेथे आहे. तिच्याखाली मी स्वखर्चाने एक ओळ लावून घेतली आहे: ‘दोन छायाचित्रे जोडून तयार केलेले चित्र.’ तिला कोणी विरोध केला नाही. एका सद्गृहस्थांनी अक्षरे जरा लहान ठेवा, एवढेच सुचवले. पुढच्या दिनदर्शिकेत मात्र नवे छायाचित्र छापले आहे.

उपाध्यांना मी त्याची प्रत स्वतः नेऊन दिली. कुठे, केव्हा काढले, काहीच सांगितले नाही. आरती आटोपून ते ओट्यावर बसले होते. चष्मा वर सरकवून त्यांनी बराच वेळ पाहिले.

“ही पुनव न्हाई,” ते म्हणाले, “चौदस हाय. खालची कड बघा, जरा बसलीय.” मग बोट तारेवर फिरवत राहिले. “ही तार मोटरीच्या खांबावरची. म्हंजे तुमी कालव्यावर हुबं व्हतासा. आणि समदा ऊस गेलाय... फाल्गुनातली चौदस न्हवं?”

मी हो म्हटले.